अठरा वर्षांवरील मुलांसाठी

मागच्या महिन्यात अमेरिकेतल्या लेकीचा फोन आला. "बाबा, पंचाहत्तरी आहे तुमची. लेगोचा एक मोठा सेट पाठवणार आहे. पाच फोटो पाठवलेत, त्यातला एक निवडा. आणि 'मला काही नको' हे वाक्य चालणार नाही."

लेगो म्हटलं की मला आठवतात ते नातवाच्या खोलीत अंधारात पायाखाली येणारे ठोकळे. पण हे प्रकरण वेगळंच निघालं. खोक्यावर चक्क '१८+' छापलेलं! म्हणजे मी पात्र ठरून सत्तावन्न वर्षं झाली की. :)

तर ही डेन्मार्कची कंपनी. नाव डॅनिश भाषेतल्या दोन शब्दांपासून केलेलं, अर्थ साधारण 'छान खेळ' असा. आज मिळतो त्या ठोकळ्याच्या रचनेचं पेटंट १९५८ सालचं, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो म्हणे. आमच्या घरात १९५८ सालचं काही एकमेकांत घट्ट बसतंय का, असं हिने लगेच विचारलं. असो.

मास्तरकीची सवय जात नाही. फुलस्केप घेतला, रकाने आखले आणि पाच नावं लिहिली.

पहिला आयफेल टॉवर. १०,००१ तुकडे, उंची १४९ सेंटिमीटर. गंमत म्हणजे पॅरिसचा खरा टॉवर १८,०३८ लोखंडी भाग जोडून १८८९ साली पुरा झाला. म्हणजे घरातल्या टॉवरला खऱ्याच्या निम्म्याहून जास्त तुकडे! दुसरी टायटॅनिक, ९,०९० तुकडे, एकास दोनशे या प्रमाणात, लांबी १३५ सेंटिमीटर. मागचे पंखे फिरवले की आतल्या इंजिनाचे दट्टे हलतात. तिसरं रोमचं कलोसियम, ९,०३६ तुकडे. चौथा आपला ताजमहाल, सहा हजाराला थोडे कमी. हा २००८ साली निघाला, २०१७ साली पुन्हा काढला आणि मग बंद झाला, त्यामुळे आता मिळतो तो दुसऱ्याच कुणाकडून, तो मागेल त्या भावाने. पाचवा जपानमधला हिमेजीचा किल्ला. फक्त २,१२५ तुकडे, फूटभर रुंद. हा मी यादीत शेवटी लिहिला आणि मनातल्या मनात खोडूनही टाकला. पंचाहत्तरीला एवढासा?

हिने चष्म्यावरून यादी पाहिली. "बुडालेलं जहाज घरात नको. आणि ताजमहाल सुंदर असला तरी शेवटी कबर आहे." दोन फोटो बाद. कलोसियमला खऱ्या इमारतीत तळमजल्यालाच ८० कमानी. सेटमध्येही कमानीमागून कमानी त्याच. पहिल्या दहा कमानींत मजा, पुढे पाढे घोकल्यासारखं होणार. ते मी बाद केलं.

राहिला आयफेल. माझं मन त्याच्यावरच बसलं होतं. पण बैठक ५७ बाय ५७ सेंटिमीटर. आमची डोंबिवलीची जागा दोन खोल्यांची. कपाट, दिवाण, देव्हारा, टीव्ही, हिचं शिलाई मशीन. ठेवायचा कुठे?

आणि इथे मला धाकट्याची आठवण झाली.

घरच्या मंडळींना माहीत आहे, म्हणून लपवत नाही. चार वर्षं आम्ही दोघं लग्नकार्यात भेटण्यापुरतेच भाऊ होतो. कल्याणला पारनाक्याजवळचा आमचा वाडा पुनर्विकासाला द्यायचं ठरलं, तेव्हा थोरला म्हणून मी बिल्डरला होकार कळवला आणि धाकट्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पैशाचा वाद कधीच नव्हता, त्याचा वाटा त्याला चोख मिळाला. तो एवढंच म्हणाला, "विचारायचंस तरी." मी म्हटलं, "विचारून वेगळं काय होणार होतं?" आणि फोन ठेवला.

त्याची नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. मोजमापात आमच्या घरात त्याच्याइतकं पक्कं कुणी नाही. मी ठाण्याला फोन लावला. चार वर्षांनंतर पहिलं वाक्य काय बोललो असेन? "अरे, ५७ बाय ५७ चं काही आमच्या घरात बसेल का रे?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "रविवारी येतो. टेप आणतो."

रविवारी स्लो लोकलने आला. चहा व्हायच्या आधीच वर्तमानपत्राचं पान जोडून, कापून त्याने बरोबर ५७ चा चौकोन केला आणि जमिनीवर पसरला. भिंतीवर १४९ वर पेन्सिलीची खूण केली. मग तो कागद आम्ही घरभर फिरवला. दिवाणाशेजारी ठेवला तर बाल्कनीचं दार उघडेना. देव्हाऱ्याजवळ हिची हरकत. टीव्हीच्या कोपऱ्यात बसला, पण तिथून येताजाता माणसाचा कोपर लागणार.

"आणि दादा, धूळ कोण पुसणार?" तो म्हणाला. "हा सगळा जाळीचा. आपल्याकडची रस्त्याच्या कामांची धूळ त्या जाळीत बसली की ब्रश घेऊन तुझी सकाळ गेली. काचेची पेटी करायची तर ती दीड मीटर उंच!"

मी म्हटलं, "मग काय, एवढासा जपानी किल्ला घ्यायचा?"

"किल्ला?" त्याने फोटो हातात घेतला.

आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो, कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर वाड्याचं अंगण आलं. सहामाही परीक्षा संपली की माती आणायची, चाळायची, दगडविटांवर गोणपाट टाकून वर चिखल थापायचा. उतारावर हळीव आणि मोहरी पेरायची. दिवाळीपर्यंत डोंगर हिरवागार. बाजारातले मातीचे मावळे, सिंहासनावर महाराज. नमुना पाहायला लांब जावं लागत नसे. खाडीकाठी दुर्गाडी होताच, जिथे महाराजांनी आरमाराची सुरुवात केली असं वडील दरवर्षी सांगत. दिवाळी संपली, तुळशीचं लग्न लागलं, की किल्ला मोडायचा. वाईट वाटायचं नाही. पुढच्या वर्षी नवा करायचाच असायचा.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हा मला रायगडाच्या आधी तो अंगणातला चिखलाचाच आठवला होता. हिमेजी त्या यादीत १९९३ पासून आहे. दगडी जोत्यावर चढत गेलेली पांढरी छपरं, भोवती तटबंदी. माणसं कुठलीही असोत, बालेकिल्ला उंचावरच बांधतात.

"घे हा," धाकटा म्हणाला. "पण एक अट. ह्या वेळी माती तू चाळायची. बांधणार मी."

मला कळेना.

"दादा, आठ वर्षं मी माती चाळली. बालेकिल्ल्याला तू मला कधी हात लावू दिला नाहीस. 'तू लहान आहेस, पाडशील' म्हणायचास."

तो हसत होता, पण चार वर्षांचा अबोला नुसत्या वाड्यावरून नव्हता हे मला त्या क्षणी कळलं. वाड्याच्या वेळीही मी तेच म्हटलं होतं, फक्त शब्द वेगळे होते. "चुकलं माझं," मी म्हणालो. शाळेत छत्तीस वर्षं मुलांकडून हे वाक्य वदवून घेतलं, स्वतः म्हणताना घसा कोरडा पडला. त्याने टेप गुंडाळली आणि हिला म्हणाला, "वहिनी, चहा अजून मिळाला नाही."

कुणी असा सेट घेणार असेल तर अनुभवाने दोन शब्द सांगतो. तुकड्यांच्या आकड्याला भुलू नका. ह्याच कंपनीच्या जगाच्या नकाशात ११,६९५ तुकडे आहेत, पण बहुतेक एकसारख्या टिकल्या. आधी कागद कापून जमिनीवर पसरा. धूळ कोण पुसणार ते ठरवा. आणि सगळ्यात आधी विचारा, हे बांधताना शेजारी कोण बसणार आहे? पुरं झालेलं शोकेसमध्ये जातं. आपल्या वाट्याला येतात ते बांधायचे दिवस.

खोकं येऊन तीन रविवार झाले. बांधणीच्या सूचनांत वाक्यं नाहीत, चित्रंच चित्रं. हिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या स्टीलच्या वाट्या आम्ही पळवल्या आहेत. मी चष्मा लावून करडे एका वाटीत, पांढरे दुसऱ्या वाटीत असं निवडतो आणि तो मागेल तसा एकेक हातात देतो. मधेच मी "तो तिथे नाही, एक घर डावीकडे" असं म्हणतो. मग तो नुसता वर बघतो आणि मी पुन्हा वाटीत डोकं घालतो.

जोतं झालंय, तटबंदी झालीय. बालेकिल्ला व्हायचाय. घाई नाही.