उसनं पीठ, उसनं गाणं

शेजारणीकडून पीठ उसनं आणताना वाटी सपाट भरून आणायची आणि परत करताना शीग लावून करायची, हा आमच्या आजीचा नियम. वाटी पितळेची होती आणि कडेला एक पोचा होता. पोच्याच्या बाजूनं पीठ सांडायचं, म्हणून त्या कडेवर अंगठा ठेवून ती न्यायची. आम्हा सात चुलत-आतेभावंडांपैकी प्रत्येकानं ती वाटी कधी ना कधी शेजारी नेलेली आहे. त्यामुळे आता उरलेली आम्ही एकत्र बसलो की आठवणी तिच्यापासूनच सुरू होतात.

शेंद्र्याच्या शिवारात आमची चार एकर कोरडवाहू जमीन होती. तेव्हाच्या औरंगाबादेहून जालन्याच्या रस्त्यानं चिकलठाणा मागे टाकलं की ज्वारी-बाजरीची रानं लागत. आज तिथं कारखान्यांच्या भिंती आहेत. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला बैलगाड्यांची रांग लागायची आणि आजी वाटसरूंसाठी दारात रांजण भरून ठेवायची. "यात्रा कुणाची का असंना, तहान सगळ्यांची सारखीच," असं ती म्हणे.

गावात आमचं घर ख्रिस्ती. आजीचं माहेर जालन्याकडचं. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली, तिचं नाव आजी काशीचं घ्यावं तसं घ्यायची. तिची आई 1899-1900 च्या दुष्काळात पोरकी झालेली आणि मिशनच्या आसऱ्यानं वाढलेली. त्या काळी मराठवाड्यातली बरीच घराणी अशी उपाशी पोटानंच ख्रिस्ताच्या अंगणात आली. काही लोक त्यावरून टोमणे मारत. आजी शांतपणे सांगायची, "भाकरीसाठी आलो असंल. पण भाकर संपल्यावरबी राहिलो ना?"

आमच्या घरात तिन्हीसांजेला कंदील लागला की सगळ्यांनी घोंगडीवर बसायचं. आजी बोट ठेवून पवित्र शास्त्र वाचायची, आबा, म्हणजे आजोबा, टाळ घ्यायचे, एक भजन व्हायचं. नारायण वामन टिळकांची आणि कृष्णराव सांगळ्यांची भजनं तिला पाठ होती. त्यानंतर प्रत्येकानं दिवसाचा एक उपकार सांगायचा. मागणं नंतर, आधी उपकार. लहान-मोठ्या कुणाचीच त्यातून सुटका नव्हती. "आज विंचू दिसला पण चावला नाही" हासुद्धा उपकार होता. उपकार सांगून झाले की मगच कंदिलाची वात खाली जायची.

लहानपणी आम्हाला हा एक रिवाज वाटायचा. त्याचं वजन 1972 साली कळलं.

त्या साली पावसानं पाठ फिरवली, तीही लागोपाठच्या ओढग्रस्त वर्षांनंतर. विहिरीच्या तळाशी गाळ राहिला. बैल आधी गेले, मग शेळ्या. घरातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर लागली. बाबा आणि आमचे काका, नाना, पाझर तलावावर, आई आणि काकू खडी फोडायला. बोटांना चिंध्या बांधून त्या दिवसभर हातोडी चालवायच्या आणि संध्याकाळी त्या चिंध्या कोमट पाण्यात भिजवून सोडवाव्या लागायच्या, कारण रक्तानं त्या बोटांना चिकटलेल्या असत. शाळेत सुकडी मिळायची. घरी मिलोची भाकरी. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी थापताना तुटायची आणि घशाखाली ढकलावी लागायची.

आणि संध्याकाळी तरीही घोंगडी अंथरली जायची.

एका रात्री आजीनं हबक्कूक संदेष्ट्याच्या लहानशा पुस्तकाचा शेवट वाचला. झाडाला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात जनावर नाही, अशी यादी देऊन तो माणूस शेवटी आनंदाचं गाणं म्हणतो. आजीनं चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "ह्या माणसानं आपलं शिवार पाह्यलं असंल." मग काकूनं आपली सोललेली बोटं पाहिली आणि उपकार सांगितला, "आज मस्टरवर नाव चढलं." आमचा थोरला भाऊ तेव्हा दहा वर्षांचा. तो म्हणाला, "आज मिलो कमी कडू लागला." सगळे हसले. ते हसणं आम्हा सगळ्यांना अजून ऐकू येतं.

त्या वर्षीचा नाताळ आमच्याकडे अजून सांगितला जातो. आबांनी कामट्यांचा तारा बांधला, त्याला पतंगीचा जुना कागद लावला. करंज्यांसाठी गहू नव्हता, साखर नव्हती. शेजारच्या मावशीकडून वाटीभर कणीक उसनी आली. तिच्या घरानं 1956 नंतर बुद्धवंदना धरलेली, आमच्या घरी प्रभूची प्रार्थना, आणि मधल्या भिंतीवरून दोन्हीकडचं पीठ-मीठ जायचं-यायचं. आम्ही पोरांनी शाळेतली सुकडी खिशात राखून आणली आणि तिचंच सारण झालं. घरात माणसं अकरा आणि करंज्याही अकराच. पहाटे आम्ही टाळ वाजवत गावातून फेरी काढली. अंगात स्वेटर नव्हता, पण आवाज मोठा होता.

आजी आम्हाला दोन बायांच्या गोष्टी सांगायची. एक पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच 1882 साली नवरा गेला. त्याच बाईनं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा केल्या आणि केडगावला मुक्ती सदन वसवलं. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी तडीला नेलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. दुसरी बाई लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्यानं 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं जग कोसळलं आणि पाच वर्षांनी त्यांनी स्वतः तीच वाट धरली. त्यांची 'स्मृतिचित्रे' नानांनी कुठूनशी आणली होती. आई आणि काकू ती आळीपाळीनं वाचत आणि ओलं सरपण फुंकता फुंकता हसत. इतकी ओढाताण झालेली बाई इतकं हसवते कशी, हे आईला कोडं होतं. आजीला नव्हतं. "ती पोटभर रडली असंल आधी," ती म्हणाली.

हे आजीचं शास्त्र होतं. रडणाऱ्याला गप्प करायचं नाही. आमच्या घरात "रडू नको, देवाची मर्जी" असं कुणी म्हटलेलं आम्हाला आठवत नाही. दुष्काळ देवानं पाठवला असंही ती म्हणायची नाही. ती म्हणायची, दुष्काळात देव आपल्याबरोबर खडी फोडतो. हेच सांगायला ती पौल आणि सीला यांची गोष्ट काढायची. फटके खाऊन, पायांत खोडा घालून ते फिलिप्पै गावच्या तुरुंगात पडले होते आणि मध्यरात्री गात होते. आजीचा भर चमत्कारावर नसायचा. ते दोघं होते, यावर असायचा. "एकट्याला नसतं जमलं," ती सांगायची.

याचा अर्थ 1973 च्या उन्हाळ्यात कळला.

काकूला नऊ महिन्यांची मुलगी होती. पाणी खराब झालं होतं, गावात हगवणीची साथ होती. आत्या जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली, तिनं मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. बैलगाडी जुंपायला बैल नव्हते. नाना पोरीला छातीशी धरून रस्त्यापर्यंत पळाले आणि एका मालट्रकला हात करून शहराकडे निघाले. वाटेतच ती गेली. दुपारी माती दिली. खड्डा इतका लहान होता की एकट्या बाबांनी तो खणला.

त्या संध्याकाळीही कंदील लागला. सगळे बसले, पण कुणी बोलेना. आजीनं शास्त्र उघडलं आणि मिटलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "आज माझा डबा रिकामा हाय. कुणीतरी उसनं द्या."

आबा तसे अबोल. कानानं अधू, सुरात कधी नव्हतेच, भजनात नुसता टाळ धरायचे. त्यांनी घसा खाकरला आणि बेसूर आवाजात भजन सुरू केलं. पहिली ओळ त्यांनी एकट्यानंच म्हटली. दुसरीला आत्या आली. मग बाबा. काकू मोठ्यानं रडत होती आणि तिचं रडणं त्या गाण्यात तसंच राहू दिलं गेलं. भजन संपल्यावर आबा म्हणाले, "नऊ महिने दिली होती, बापा. उपकार." एवढंच.

आम्ही पोरं होतो, पण त्या रात्री काहीतरी पाहिलं हे आम्हाला कळलं होतं. तोवर आम्हाला वाटायचं की आजीचा विश्वास दांडगा, म्हणून ती आनंदी. त्या रात्री दिसलं की तिचाही संपतो. ज्याच्याकडे त्या दिवशी मूठभर असेल तो देतो आणि ज्याचा डबा रिकामा तो वाटी पुढे करतो. आमच्या घरातला आनंद कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. घराघरांतून फिरणाऱ्या पिठासारखा तो फिरत होता, म्हणून दुष्काळातही पुरला.

जूनमध्ये पाऊस आला. पुढच्या साली गहू झाला तेव्हा आजीनं पहिलं दळण दळून आणलं आणि शेजारच्या मावशीची नाताळची वाटी शीग लावून परत केली.

आमच्या वडीलधाऱ्यांनी सोसलं ते निसर्गाचंच होतं असं नाही. नाना हुशार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेनं 1950 साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात ते शिकले. पण 1950 च्याच राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती धर्माला बांधल्या गेल्या. गावात आम्हाला वागणूक जुनीच मिळायची, पाणी वेगळंच वाढलं जायचं आणि कागदावर मात्र आम्ही त्यातले नव्हतो. एका कचेरीत नानांचा अर्ज त्यांच्या डोळ्यांदेखत बाजूला सारला गेला. त्या संध्याकाळी ते उपकार सांगायला तयार नव्हते. आजीनं जबरदस्ती केली नाही. "आज तुझ्या वाटचा मी सांगते," म्हणाली, "माझ्या लेकाला राग येतो, हा उपकार. मेलेल्याला येत नाही." नाना पुढे शाळामास्तर झाले आणि वस्तीतल्या प्रत्येक मुलाचा अर्ज स्वतः भरून देऊ लागले, कुठल्याही धर्माचा असो.

रविवारी पहाटे निघून आम्ही कधी चालत, कधी मालगाडीसारख्या सावकाश येणाऱ्या एसटीनं छावणीतल्या ख्राइस्ट चर्चला जायचो. एकोणिसाव्या शतकात रतनजी नवरोजी या पारशी घरातून आलेल्या पाळकांनी या भागात खेडोपाडी हिंडून काम केलं, त्यांच्या गोष्टी आबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या. दगडी भिंतींतली ती उपासना संपली की झाडाखाली डबे सुटायचे. वर्षातून एकदा हंगामाच्या सणाला पहिलं कणीस, पहिली शेंग वेदीपाशी ठेवायची. दुष्काळाच्या वर्षी आजीनं काय न्यावं? ती खडीचा एक तुकडा घेऊन गेली, रुमालात बांधून. पाळकसाहेबांनी तो इतरांच्या अर्पणांच्या शेजारी ठेवला. आमचं त्या साली तेच पीक होतं.

आबा गेले, मग आजी. पुढे शेंद्र्याला औद्योगिक वसाहत आली. 2001 साली तिथून स्कोडाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या, 2019 साली ऑरिक या नव्या औद्योगिक शहराची इमारत उभी राहिली. आमची चार एकरं गेली, पैसे आले, भावंडं शहरात फ्लॅटमध्ये विखुरली. कंदील तर कधीच गेला होता. संध्याकाळी प्रत्येकाच्या घरात वेगळी मालिका लागायची. उपकार सांगायची सवय नाताळपुरती उरली.

2021 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमचा थोरला भाऊ गेला. मिलो कमी कडू लागला म्हणणारा तोच. शेवटची माती द्यायला चौघांनाच जाता आलं. त्या रात्री पुतण्यानं सगळ्यांना मोबाइलवर एकत्र घेतलं. नऊ चौकोनांत नऊ घरं. एका चौकोनात काकू, ऐंशी ओलांडलेली, त्या पिढीतली शेवटची. आधी नऊ महिन्यांची लेक, आता साठीकडे झुकलेला लेक. सगळ्यांना वाटलं, आता काकूच सुरुवात करील. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "माझा डबा रिकामा हाय रे."

आम्ही थोरले गप्प झालो. तिच्या तोंडून ते शब्द ऐकून तर आमच्यातल्या कुणालाच आवाज फुटेना. पन्नास वर्षं सगळं ठाऊक असून आमच्याकडे मूठभरही नव्हतं.

तेव्हा तो पुतण्या बोलला. शेंद्र्याच्याच एका कारखान्यात कामाला, आमच्याच जुन्या शिवारात त्याची शिफ्ट. त्याला टिळकांची भजनं येत नाहीत, तो गिटारवर हिंदी गाणी म्हणतो, आणि त्यावरून आम्ही त्याला कितीदा टोकलं होतं. "आजी, मी देतो," तो म्हणाला. त्यानं त्याचं ते हिंदी गाणं म्हटलं, मध्येच आवाज फाटला, थांबला, परत म्हटलं. दुसऱ्या कडव्याला काकूचे ओठ हलू लागले. तिला शब्द येत नव्हते, ती नुसता सूर धरत होती. गाणं झाल्यावर त्यानं उपकार सांगितला, "मोठ्या काकांनी मला सायकल शिकवली. कॅरिअर धरून पळायचे. मी पडलो तरी सोडायचे नाहीत."

त्यानंतर एकेक चौकोन बोलू लागला.

काकू पुढल्या वर्षी गेली. ती पितळेची वाटी आता त्या पुतण्याच्या घरी आहे. आम्ही मुद्दाम त्यालाच दिली. आबांकडून, आजीकडून, काकूकडून आम्ही सपाट वाटी भरभरून घेतली आणि परत करायला ती माणसं राहिली नाहीत. म्हणून आता दर रविवारी संध्याकाळी त्याच्याकडे जमतो. त्याची चार वर्षांची मुलगी पहिला उपकार सांगते. आमच्यातला कुणी ना कुणी कधी रिकामा येतो, कुणी दोन मुठी घेऊन येतो. शीग लावायची अजून बाकी आहे.