अक्काची साखर

आमच्या थोरल्या भगिनीला आम्ही भावंडे अक्का म्हणतो. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या तीर्थमंदिराजवळ तिचे उभे आयुष्य गेले. भाऊजी देवाघरी गेले आणि वर्षाच्या आत तिची उपाशीपोटीची साखर २६०वर पोहोचली. गोळ्या पूर्वीपासून चालू होत्याच. आम्हांस एकच कारण सुचले: अक्का चोरून गोड खात असणार! त्या नाताळात आम्ही तिच्या ताटातील करंज्या मोजल्या. हे लिहिताना आज लाज वाटते.

पहाटे तीनला तिला जाग येई, मिस्सेला जाणे सुटले होते. ‘रोझरी वाढव, विश्वास कमी पडतो आहे,’ असे तिला सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

पुढे एका डॉक्टरांनी ‘काय खाता?’ असे न विचारता ‘झोप लागते का?’ असे विचारले आणि अक्का हमसून रडू लागली. नैराश्य आणि मधुमेह एकमेकांचा हात धरून येतात, हे तेथे आम्हांस प्रथम कळले. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकातच दीर्घ दुःखाला या व्याधीचे एक कारण मानले होते. मधुमेही माणसांत नैराश्य इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, आणि नैराश्य असलेल्यांना मधुमेह होण्याचा धोकाही अधिक असतो. मन दीर्घकाळ खचले की शरीरात कॉर्टिसोल वाढू शकते. त्यामुळे यकृत रक्तात जास्त साखर सोडते व इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. शिवाय खचलेला माणूस चालत नाही, गोळीची वेळ पाळत नाही. मधुमेहाच्या नेहमीच्या मेटफॉर्मिन गोळीने दीर्घकाळात ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते आणि त्या उणिवेनेही मन मलूल होते. अक्काच्या बाबतीत हेही तपासावे लागले.

एलिया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला, ते वाचन आम्ही देवळात कितीदा ऐकले असेल! देवदूताने त्याला विश्वासाबद्दल बोल लावला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेबची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. आम्ही मात्र अक्काला आधी वाट दाखवीत होतो.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे म्हणताच ‘मी काय वेडी आहे?’ म्हणून ती रुसली. महिनाभर मनधरणी करावी लागली. मनावरील काही औषधांनी वजन व साखर वाढते, म्हणून दोन्ही डॉक्टरांस एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखविल्या. (ज्यांच्याजवळ कोणी नाही, त्यांच्यासाठी २०२२ साली सुरू झालेली शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.)

साखरेची तीन महिन्यांची सरासरी ९.८वरून ७.६वर आली आहे. पहाटे अजूनही कधीतरी जाग येते. मग अक्का आम्हांस फोन करते आणि भाऊजींविषयी बोलत राहते.