लग्न हॉटेलात, पॉइंट कुणाच्या खात्यात?

दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट मेट्रो पकडलीत आणि नवी दिल्लीच्या दिशेनं एकच स्टेशन पुढे गेलात, की एरोसिटी येतं. इथे उतरून जुनी दिल्ली शोधू नका. ना चाटची गाडी, ना कुठला घुमट. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, वर्ल्डमार्कमधली रेस्टॉरंट्स आणि हाकेच्या अंतरावर एकामागून एक हॉटेलं. जेडब्ल्यू मॅरियट, अलॉफ्ट, अंदाज, पुलमन, नोवोटेल, हॉलिडे इन, लेमन ट्री. प्रत्येक दारात गाडीची डिकी उघडून पाहणार, बॅग स्कॅनरमधून जाणार, मग थंडगार लॉबी. पहाटेच्या विमानाआधीची रात्र काढायला किंवा धुक्यानं फ्लाइट रद्द झाल्यावर तुम्हीही इथे कधी ना कधी टेकला असाल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र या वसाहतीचा नूर पालटतो. लॉबीत झेंडूच्या माळा चढतात, लिफ्टपाशी वधूवरांच्या नावाचा बोर्ड लागतो. मुलीकडचे गुरगाव-नोएडाचे, मुलाकडचे पुण्याहून किंवा इंदूरहून विमानानं येणारे. अशा वेळी दोन्ही घरांना विमानतळाजवळचं हॉटेल सोयीचं पडतं. वऱ्हाड उतरलं तिथेच हळद, तिथेच संगीत, तिथेच रिसेप्शन. घरातल्या कुणीही आयुष्यात हॉटेलला दिलेली ही सगळ्यात मोठी रक्कम असते. जेवणाच्या थाळीमागे पन्नास रुपये कमी करून घ्यायला आपण तीन बैठका घेतो, पण या एवढ्या खर्चाचे पॉइंट आणि दर्जा कुणाच्या नावावर जाणार, हे विचारायचं राहून जातं.

मोठ्या हॉटेल साखळ्यांचे लॉयल्टी प्रोग्रॅम तुम्हाला माहीत असतील. फुकट सभासद व्हायचं, राहिलं की पॉइंट जमतात, बरेच राहिलात की सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा एलिट दर्जा मिळतो. दर्जा असला की दुपारी उशिरा चेक-आउट, जरा बरी रूम, वरच्या पायरीवर नाश्ता नाहीतर लाउंज. एक गोष्ट आधीच वेगळी करून ठेवा. पॉइंट आणि दर्जा या दोन वेगळ्या वह्या आहेत. पॉइंट खर्च करता येतात, कुटुंबातल्या दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी देताही येतात. दर्जा ज्याचा त्याचाच, तो देता येत नाही. आणि दर्जाच्या वहीत काय लिहायचं, हे प्रत्येक साखळीनं आपापलं ठरवलंय. एरोसिटीत पायी फिरलात तरी हा फरक दारागणिक कळेल.

एकाच रस्त्यावर वेगवेगळी मापं

जेडब्ल्यू मॅरियट आणि अलॉफ्ट ही दोन्ही मॅरियटची. त्यांच्या प्रोग्रॅमला २०१९ पासून बॉनव्हॉय म्हणतात. इथलं माप रात्रींचं. वर्षात १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. सगळ्यात वरच्या अँबॅसेडर पायरीलाच १०० रात्रींच्या जोडीला २३,००० डॉलरचा खर्च लागतो. म्हणजे तुम्ही रात्र पाच हजाराला काढली काय आणि पंचवीस हजाराला काढली काय, दर्जाच्या वहीत एकच रेघ. रेस्टॉरंटमध्ये कितीही जेवलात तरी पॉइंट मिळतील, पण त्यानं रात्र वाढणार नाही.

अंदाज हे हयातचं. नावावरून मराठी अंदाज मनात येईल, पण हा हिंदीतला, म्हणजे ढब, शैली. ४०१ खोल्यांचं हे हॉटेल वर्ल्ड ऑफ हयात या प्रोग्रॅममध्ये येतं आणि तिथे दर्जाला तीन वाटा आहेत. पहिली पायरी डिस्कव्हरिस्ट. त्यासाठी १० रात्री, किंवा २५,००० मूळ पॉइंट, किंवा ३ इव्हेंट. मधली एक्सप्लोरिस्ट ३० रात्री, ५० हजार पॉइंट किंवा १० इव्हेंटवर. सगळ्यात वरची ग्लोबलिस्ट, तिला ६० रात्री, एक लाख पॉइंट किंवा २० इव्हेंट. एका डॉलरच्या खर्चाला पाच मूळ पॉइंट, आणि इथे मुक्काम न करता नुसतं जेवलात तरी ते पॉइंट दर्जासाठी धरले जातात. मॅरियटमध्ये जे जेवण दर्जाच्या वहीत दिसत नाही, तेच हयातमध्ये दिसतं.

हे ऐकून दर रविवारी सहकुटुंब अंदाजमध्ये जेवायला जायचा बेत आखण्याआधी जरा हिशेब करा. डॉलर ८८ रुपये धरला, तर कर वगळून आठ हजारांच्या बिलाला साधारण साडेचारशे पॉइंट. २५,००० व्हायला अशी पंचावन्न जेवणं लागतील. वर्षात रविवार बावन्न. शिवाय हाती काय, तर दोन वाजताचं चेक-आउट आणि मिळाली तर थोडी बरी रूम. त्या साडेचार लाखांत कुटुंब थायलंडला जाऊन येईल.

पुलमन आणि नोवोटेल फ्रेंच अ‍ॅकॉरची. तिथे १० रात्रींना सिल्व्हर, ३० ला गोल्ड, ६० ला प्लॅटिनम असं आहे, पण डायमंडला रात्री चालतच नाहीत. त्यासाठी २६,००० स्टेटस पॉइंट, म्हणजे या दर्जाच्या हॉटेलांत साधारण १०,४०० युरोचा खर्च. हॉलिडे इनच्या आयएचजीत २० रात्रींना किंवा ४०,००० पॉइंटना गोल्ड. आपल्याकडच्या ताजचा हिशेब टाटा न्यूच्या न्यूपासशी जोडलेला आहे आणि तिथे एक न्यूकॉइन म्हणजे सरळ एक रुपया. गृहिणीला पटावा असा हिशेब हाच, डॉलर-युरोची भानगड नाही.

सगळ्यांना लागू असलेल्या दोन गोष्टी. जीएसटीच्या रकमेवर पॉइंट नाहीत. आणि बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून किंवा फोनवरून केलेलं हवं. प्रवासाच्या अ‍ॅपवर चारशे रुपये वाचवून घेतलेली रात्र बहुतेक ठिकाणी दर्जासाठी धरली जात नाही. वर्षातून दोनदाच हॉटेलात उतरत असाल, तर मी म्हणेन, ते चारशे रुपये खुशाल वाचवा.

लग्नाचं बिल कसं मोजतात

आता वऱ्हाडाकडे वळू. समजा तुम्ही ४० खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या आणि त्याबरोबर बँक्वेट हॉल. हॉटेलच्या भाषेत या ८० रूम-नाइट्स. कुणालाही वाटेल, ८० रात्री झाल्या, म्हणजे टायटेनियम पक्कं. तसं होत नाही.

तुम्ही स्वतः पैसे भरून जास्तीच्या खोल्या घेतल्या, तर मॅरियट आणि हयात दोघंही पॉइंट तीन खोल्यांपर्यंतच देतात. दर्जासाठी रात्र मात्र एकाच खोलीची, जिच्यात तुम्ही झोपता तिची. ग्रुप बुकिंग असेल तर ते इव्हेंटच्या करारात जातं आणि त्याची पद्धत निराळी. मॅरियटमध्ये रूम-नाइट्सचं गणित वीसमागे एक असं आहे आणि एका इव्हेंटला त्याची कमाल मर्यादा २०. तुमच्या ८० रूम-नाइट्सच्या झाल्या चार रात्री. प्लॅटिनमच्या पन्नासातल्या चार!

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२३ मध्ये मॅरियट आणि एचडीएफसी बँकेनं मिळून भारतात एक क्रेडिट कार्ड आणलं. वर्षाची फी ३,००० रुपये आणि कर. ते घेतलं की वर्षाला १० रात्रींचं क्रेडिट, म्हणजे सिल्व्हर दर्जा, घरबसल्या. लाखोंच्या लग्नातल्या खोल्यांनी चार रात्री दिल्या आणि तीन हजारांच्या कार्डानं दहा. लग्नाच्या खर्चानं मोठा दर्जा मिळेल म्हणून महागडं हॉटेल घेऊ पाहणाऱ्या नातेवाइकाला हे दोन आकडे सांगून बघा.

हयातमध्ये एक करार म्हणजे एक इव्हेंट. हळद, संगीत, रिसेप्शन मिळून तीन झाले असं समजू नका. बँक्वेटचं जेवणही रेस्टॉरंटच्या जेवणासारखं मूळ पॉइंटमध्ये येत नाही. पाचशे पानं उठली तरी वहीत एकच खूण. ज्या ऑफिसात वर्षाला वीस मीटिंगा हॉटेलात होतात, तिथल्या अ‍ॅडमिनमधल्या ताईंना हा नियम फार फायद्याचा. कंपनीच्या मीटिंगा लहान असल्या तरी प्रत्येकीची खूण वेगळी होते. अर्थात कंपनीचा नियम आधी बघावा. कित्येक कंपन्यांत, खासकरून सरकारी कचेऱ्यांत, असे लाभ स्वतःच्या नावावर घ्यायला मनाई असते.

मग लग्नातून घरच्यांनी मिळवायचं काय? मुख्य म्हणजे पॉइंट. इव्हेंटच्या एकूण बिलावर आयोजकाला वेगळे पॉइंट मिळतात आणि ते चांगले भरतात. नव्या जोडप्याच्या किंवा थकल्याभागल्या आईवडिलांच्या एक-दोन रात्री त्यातून निघू शकतात. दर्जाच्या रात्री ही वरची खिरापत.

सही कुणाची?

पॉइंट जातात ते करारावर आयोजक म्हणून ज्याचं नाव आणि मेंबरशिप नंबर असतो त्याला. पैसे कुणी भरले, हे तिथे पुरत नाही. अलीकडे लग्नं इव्हेंट कंपनीवर सोपवतात आणि हॉटेलशी करार बऱ्याचदा तीच करते. मग वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या पैशांचे पॉइंट इव्हेंट कंपनीच्या खात्यात जमा होऊ शकतात, आणि त्यात नियमाबाहेरचं काही नसतं. म्हणून हॉटेलच्या बँक्वेट मॅनेजरशी पहिल्याच भेटीत विचारा. आयोजकाचे पॉइंट कुणाला मिळणार? आमचा नंबर करारात लिहून मिळेल का? हे हॉटेल इव्हेंटच्या योजनेत आहे का? उत्तर कागदावर घ्या. अ‍ॅडव्हान्स दिल्यानंतर हे विचारलंत तर गोड हसून नकार मिळेल. इव्हेंट कंपनीलाही स्पष्ट सांगा. काही जण पॉइंटच्या बदल्यात फीमध्ये सूट देतात, तोही सौदा वाईट नाही.

नंबर कुणाचा द्यायचा, यावर घरात पाच मिनिटं बोला. सवयीनं वडिलांचं नाव पुढे होतं. पण निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाला चार रात्रींच्या क्रेडिटचा काय उपयोग? घरातली जी मुलगी, सून किंवा मुलगा कामासाठी वर्षाला एकवीस-बावीस रात्री बाहेर काढते, तिच्या खात्यात या चार पडल्या तर ती गोल्डला पोहोचेल. त्यासाठी करारावर तिचं नाव आणि सही हवी, म्हणजे तिची जबाबदारीही आली. बिल थकलं किंवा पाहुण्यांनी खोलीत काही मोडलं तर हॉटेल तिलाच गाठणार. हे तिला माहीत असू द्या.

तारखेचाही एक भाग आहे. मॅरियट आणि हयात दोन्हीकडे मिळालेला दर्जा ते उरलेलं वर्ष, पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यापुढच्या फेब्रुवारीपर्यंत टिकतो. जानेवारीच्या लग्नानं पायरी गाठली तर दोन वर्षांहून जास्त काळ ती वापरता येते. डिसेंबरच्या लग्नानं गाठली तर चौदा महिने. मुहूर्त काही हॉटेल काढून देत नाही, पण दोन तारखा सारख्याच चालणाऱ्या असतील तर डोक्यात असू द्या.

दर्जा मिळाल्यावर कुटुंबाला काय मिळतं, तेही आधी पाहा. हयातच्या ग्लोबलिस्टला नाश्ता त्याच खोलीतल्या दोन मोठ्या आणि दोन मुलांपर्यंत मिळतो. मॅरियटमध्ये प्लॅटिनमला जिथे नाश्ता मिळतो, तिथे तो सभासद आणि सोबतचा एक जण, एवढाच. दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन दोन खोल्या केल्यात, तर सकाळी रेस्टॉरंटच्या दारात कोण फुकट आणि कोण पैसे भरून, हा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न वेटरसमोर सोडवण्यापेक्षा चेक-इनच्या वेळी काउंटरवर सोडवलेला बरा.

एरोसिटीसमोर, महामार्गाच्या पलीकडे महिपालपूर आहे. साध्या हॉटेलांची दाटी, ना पॉइंट, ना दर्जा. लग्नाच्या मोसमात कित्येक घरं मधला मार्ग काढतात. आजी-आजोबा आणि वरपक्ष इकडे, तरुण मंडळी तिकडे, रात्री गाड्यांच्या फेऱ्या. खोल्यांचा खर्च असा निम्म्यावर आला, तर मॅरियटच्या चारऐवजी दोन रात्री जमा होतील. त्या दोन रात्रींसाठी वीस खोल्या जास्त घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

लग्न पार पडलं, पाहुणे गेले, की अंतिम बिलाची प्रत सही-शिक्क्यासह मागून घ्या आणि आयोजकाच्या नंबराखाली बरोबर नाव आहे का ते तिथेच तपासा. काही आठवड्यांनी अ‍ॅप उघडून पाहा. पॉइंट आले नसतील तर करार आणि बिल जोडून तक्रार करता येते, पण त्याला मुदत असते. लग्नाच्या आल्बमचं काम सहा महिने लांबलं तरी चालतं, हे लांबवू नका.