पानांचा गुच्छ

फौजेत फुलांचा गुच्छ हे जवळजवळ सरकारी सामान आहे. इन्स्पेक्शनला जनरल साहेब आले की गुच्छ, मॅडम सोबत असतील तर त्यांना वेगळा, रिटायर होणाऱ्याला गुच्छ, बडाखान्याला स्टेजवर गुच्छ. निशिगंधाच्या चार काड्या, ग्लॅडिओलसच्या दोन, मधे लाल गुलाब, वरून सेलोफेन आणि मागे पामचा नाहीतर शतावरीचा हिरवा झुपका. त्या झुपक्याकडे कुणी बघत नाही. फुलवाला त्याचे पैसेही लावत नाही. आज त्या फुकटच्या मालाबद्दल लिहितोय.

जबलपूरला सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये माझी पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. माझ्या एका जोडीदाराच्या मुलीचं लग्न तिथं ठरलं. जोडीदार म्हणजे रिक्रूट असल्यापासून शेजारच्या खाटेवरचा. सीमेवर ड्यूटीवर असताना तो गेला, तेव्हा पोर सात वर्षांची होती. नवरामुलगा जबलपूरचा, घराणं तीन पिढ्या तिथलंच, वडील खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. जबलपूरची मराठी माणसं आपल्याशी मराठी बोलतात आणि रागावली की हिंदीत रागावतात. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. मुलीकडची माणसं साताऱ्याकडची, त्यामुळे तिथली सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात आली आणि ती मी आनंदानं घालून घेतली.

याद्या करताना मी फुलवाल्याचं लिहिलं आणि फोनवर पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काका, गुच्छ नकोत. माझ्या हातात नको आणि पाहुण्यांनाही नको."

मी म्हटलं, उन्हाळा आहे म्हणून म्हणतेस का? तर गप्प. मग तिनं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं, आणि अंत्यसंस्काराला मी स्वतः हजर होतो. तिरंग्यातली पेटी गावात आली, सलामी झाली, सगळ्यांनी पुष्पचक्रं वाहिली. दुसऱ्या दिवशी ती चक्रं आणि गुच्छ अंगणात भिंतीला लावून ठेवले होते. घरातल्या कुणीतरी पोरीला गुंतवून ठेवायला सांगितलं, पाणी शिंपड, नाहीतर सुकतील. ती दोन दिवस तांब्यानं पाणी शिंपडत होती. तिसऱ्या दिवशी उठून बघते तर अंगण झाडलेलं आणि चक्रं उकिरड्यावर. निशिगंधाचा वास आला की अजून तिला पाणी घालायला उठावंसं वाटतं, असं ती म्हणाली.

वर दोन अटी. "मोगऱ्याशी माझं भांडण नाही, हार मोगऱ्याचे चालतील. आणि हे कारण तिकडच्या लोकांना सांगायचं नाही. मला त्यांच्या घरात बिचारी म्हणून जायचं नाही."

आता तिकडची मंडळी हौशी. रिसेप्शनला स्टेज, फोटो, मुलीच्या हातात गुच्छ हे सगळं त्यांनी धरलेलं. मुलाच्या आत्याबाई तर या खात्याच्या सुभेदार मेजरच म्हणा. नुसतं 'नको' सांगून चालणार नव्हतं, हातात द्यायला काहीतरी हवं होतं.

युनिटच्या नर्सरीत एक माळी होता, मंडल्याकडचा गोंड. त्याला म्हटलं, फुलाशिवाय गुच्छ बनवायचाय. तो म्हणाला, "साब, जंगल में पत्ते की क्या कमी." एवढं बोलून पुन्हा कुंडी भरायला लागला. मला हा माणूस आवडायचा.

त्या मुलखात पानाला किंमत आहे, हे आपल्याकडच्यांनी समजून घ्यायला हवं. आपल्या टेंभुर्णीला तिकडं तेंदू म्हणतात. एप्रिल-मे आला की बाया-माणसं पहाटे रानात शिरून विडीसाठी त्याची पानं तोडतात, घरी आणून पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधतात. अशा हजार गड्ड्या म्हणजे एक बोरा, आणि मजुरी त्या बोऱ्यावर. लोक त्याला 'हरा सोना' म्हणतात. साज, म्हणजे आपला ऐन, त्या झाडात गोंडांचा बडादेव राहतो. माहुलच्या रुंद पानाच्या पत्रावळी आणि द्रोण होतात. आपण मात्र 'पळसाला पाने तीनच' एवढं म्हणून मोकळे होतो.

खरं तर पानांचा गुच्छ आपल्यालाही नवा नाही. जोडीदाराच्या घरात देवक पंचपालवीचं. वड, पिंपळ, उंबर, आंबा ही चार झाडं बहुतेक ठिकाणी तीच असतात. पाचवं कुणी पायरी धरतं, कुणी जांभूळ. त्यांच्याकडे जांभूळ. मांडवात पाच झाडांचे डहाळे आणून पुजल्याशिवाय त्यांच्या घरचं लग्न पुढं सरकत नाही, आणि तो डहाळा म्हणजे गुच्छच की. तिकडं इंग्लंडच्या राजघराण्यातही 1858 साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नापासून नवरीच्या गुच्छात मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी घालायची रीत आहे. 2011 साली केटच्या गुच्छातही ती होती. हे मर्टल वनस्पतिशास्त्रात आपल्या जांभळाच्या कुळातलं. आत्याबाईंना पुढं हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला. देवकाचा त्यांच्यावर एवढा परिणाम झाला नव्हता.

पण त्याआधी त्या म्हणाल्याच, "शादी है या हरियाली तीज? नुसता पाला धरून पोरगी उभी राहणार?" वहिनी माझ्या शेजारी बसलेल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी सांगितलं की पारा बेचाळीसच्या वर आहे, फुलवाल्याचा गुच्छ संध्याकाळी सातला आणला तर आठाच्या फोटोत गुलाब माना टाकतात. हे खोटं नव्हतं. एवढंच कारण होतं असं मात्र नाही. मुलाचे वडील फॅक्टरीतले, त्यांना टिकाऊ माल समजतो. ते म्हणाले, आधी नमुना दाखवा. सैन्याला माल पुरवणाऱ्या माणसाचं हे बोलणं मला पटलं.

नमुना करायचा म्हटल्यावर मला माझी जुनी विद्या आठवली. फील्डक्राफ्टच्या पहिल्या तासाला रिक्रूटला शिकवतात, वस्तू नजरेला का पडते: आकार, चमक, छाया, पार्श्वभूमी, हालचाल. मग हेल्मेटच्या जाळीत पानं खोचायला लावतात. तिथं प्रत्येक जवान दोन गोष्टी शिकतो. कोवळी पालवी तासाभरात लोंबते, जून पान दुपारपर्यंत तग धरतं. आणि पानाची पाठ फिकी असते, ते उलटं खोचलं तर उस्तादाला दोनशे मीटरवरून दिसतं, मग आपण रोल मारत ग्राउंडला फेरी काढतो. इथं काम उलटं होतं. दिसायलाच हवं होतं. मग जी पाठ आयुष्यभर लपवली ती मुद्दाम वर करायची, म्हणजे हिरव्यातच दोन रंग मिळतात.

माळ्याची विद्या माझ्याहून पुढची. तांबूस कुसुंबाची पालवी मला फार सुंदर वाटली होती. त्यानं डहाळी तोडून नुसती माझ्या हातात ठेवली आणि मी चहा संपवेपर्यंत ती मरगळली. लाल रंग हवा तर क्रोटन घ्या म्हणाला. वड, पिंपळ, उंबर कापले की चीक गळतो, तो पाण्यात उतरला की पाणी खराब होतं आणि नवरीच्या साडीला लागला तर डाग जात नाही. म्हणून कापलेलं टोक मेणबत्तीवर क्षणभर धरायचं, चीक थांबतो. कण्हेर दिसायला छान, पण विषारी, लग्नघरात लहान मुलं, तेव्हा बाद. तोडणी सूर्य उगवायच्या आत. मग खालची पानं काढून, देठ तिरपा छाटून, मानेपर्यंत पाण्यात, सावलीत. जाड पानं तासभर पूर्ण बुडवली तरी चालतात, उलट ताठ होतात.

आदल्या दिवशी स्टोअरच्या मागच्या व्हरांड्यात आमचं काम चाललं. दोन जवान स्वतःहून आले होते, दोघांच्याही बहिणींची लग्नं व्हायची होती. कामिनीच्या बारीक चकाकत्या पानांचा घेर, त्यात नेफ्रोलेपिसचे लांब फर्न, ड्रसीनाचे पट्टे, लाल-पिवळा क्रोटन, एका बाजूनं मनीप्लांटचा वेल खाली सोडलेला. मधे पाच झाडांचे छोटे डहाळे. इथं वहिनींनी आधीच बजावलं होतं, "भाऊजी, पुजलेलं देवक त्यात घालायचं नाही. त्याच झाडांचं दुसरं घ्या." तसंच केलं. माळ्यानं विचारलं, साज्याचं एक पान घालू का? घालताना हात जोडले. मूठ बांधायला त्यानं सेलोफेनऐवजी माहुलचं पान गुंडाळलं आणि त्याच वेलाच्या सालीच्या दोरीनं आवळलं. वजन मात्र जास्त झालं. दोन डहाळे काढले तेव्हा पोरीच्या हाताला पेललं.

राहिला वास. पानांच्या गुच्छाला वास नाही, ही आत्याबाईंची शेवटची हरकत होती आणि ती खरी होती. वहिनी उठल्या, ट्रंकेतून एक ओलं फडकं काढलं. आत दवणा होता. चैत्री पौर्णिमेला जोतिबाला वाहिलेल्यातला प्रसाद त्यांनी घरून आणला होता, बराचसा सुकलेला, पण बोटांनी चुरल्यावर अख्खा व्हरांडा भरला. जोडीदार दरवर्षी सुट्टी जोतिबाच्या यात्रेला जुळवायचा. मिळाली नाही तर आठवडाभर कुणाशी धड बोलायचा नाही. दवण्याच्या तीन काड्या मधोमध गेल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही.

लग्नात हार मोगऱ्याचे, मुंडावळ्या मोत्यांच्या. रिसेप्शनला पोर स्टेजवर आली ती गुच्छ अंगाशी धरूनच. चार तास उभी होती. मधे मधे मान खाली घालून वास घेत होती. फोटोग्राफर वैतागला, मान वर, मान वर म्हणून. पाहुण्यांना तीन-तीन पानांच्या लहान जुड्या दिल्या होत्या, त्यातली कामिनीची जुडी एका कर्नल साहेबांच्या मॅडमनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारली, कुठल्या दुकानातली म्हणून.

आत्याबाईंना कारण कळलं की नाही, मला माहीत नाही. निघताना त्यांनी गुच्छ स्वतः पोरीच्या हातातून घेतला, आत नेऊन बादलीत उभा केला आणि पोरांना दम दिला की याला हात लावायचा नाही.

वहिनी तिसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीला बसल्या तेव्हा त्यातलं जांभूळ आणि आंबा गळायला लागले होते, बाकी उभं होतं. दोन-तीन आठवड्यांनी मी खमरियाला गेलो. मनीप्लांटच्या आणि ड्रसीनाच्या काड्यांना बादलीत पांढरी मुळं फुटली होती. पोर म्हणाली, "काका, एक कुंडी पाहिजे. मोठी." माळ्याकडून घेऊन रविवारी पोहोचवली.