बेंबीतली कडी

माझी लेक नामपल्लीला राहते. तिला पाचवा लागला तेव्हा मी देगलूरहून बसने तिच्याकडे गेले. दिवस नुमाईशचे होते. १९३८ साली सुरू झालेले हे प्रदर्शन आमच्या सासऱ्यांनी निजामाच्या राज्यात पाहिलेले, त्याच्या गोष्टी ते फार सांगायचे. तिथे हिंडून आलो आणि लेक पाय सोडून बसली. म्हटले, पोटाला थोडे खोबरेल लावते. तर ती नको, नको म्हणत कुर्ता ओढू लागली.

शेवटी तिने कुर्ता वर केला. बेंबीच्या वरच्या कातडीत एक चमकती कडी! भोवती लाल झालेले. होस्टेलला असताना टोचून घेतली होती म्हणे, पाच वर्षे झाली. पाच वर्षे माझ्यापासून लपवली.

मी नको ते बोलले. "अगं, तिथेच तर बाळाची नाळ असते! त्याला काही झाले म्हणजे?" ती रडायला लागली. लाली महिनाभर होती, पण मला कळेल म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडेही तिने विषय काढला नव्हता. मी हळद आणायला उठले, तर तीही लावू देईना.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याशी हिंदीत बोलल्या. आईच्या बेंबीचा आणि बाळाच्या नाळेचा काही संबंध नसतो. नाळ आत वारेला जोडलेली असते. तीन बाळंतपणे झालेल्या मला हे साठीत कळले! पू नव्हता. पोट वाढले की कातडी ताणते, त्यात सलवारीची नाडी घासते, म्हणून लाली. त्यांनी कडी तिथेच काढली. हळद, तेल काही लावायचे नाही. कोमट मिठाच्या पाण्याने पुसायचे, कोरडे ठेवायचे. पू आला, ताप आला तर लगेच यायचे. जखम जुनी, भरलेली असेल आणि त्रास नसेल तर काही जणी कडी ठेवतातही. पण गरोदरपणी नवे भोक पाडायचे नाही. ते भरायलाच सहा महिने ते वर्ष लागते. सिझेरियनची वेळ आली तर अंगावरचा धातू काढावाच लागतो, असेही त्या म्हणाल्या. मला माझी जोडवी आठवली. धाकट्याच्या वेळी ती साबण लावून काढली होती.

भोक बुजेल का, हे लेकीने हळूच विचारले. लवचिक प्लॅस्टिकची काडी मिळते, पण लाली जाईपर्यंत काहीच नको, आणि बुजणार नाही याची खात्री नाही, असे उत्तर मिळाले. रिक्षात मी म्हणाले, बुजले तर बरेच! ती काही बोलली नाही.

घरी येऊन मीच ती कडी कापसात गुंडाळून कुंकवाच्या करंड्यात ठेवली. लाली आठवड्यात उतरली. आठव्या महिन्यात बेंबी बाहेर आली आणि ते भोक लांबट दिसू लागले.

नात झाली. बाराव्या दिवशी कान टोचायला मी सोनाराला बोलावणार होते. लेक म्हणाली, "आई, आधी हिच्या लसी होऊ दे." सोन्याची तार मी करंड्यातच ठेवली आहे, त्या कडीशेजारी.