कुठून खेळलात ते आधी सांगा

गुगलच्या प्ले स्टोअरवर एखाद्या गेमविषयी मत लिहायला ५०० अक्षरांची जागा मिळते. बहुतेक लोक त्यातली दहा-बाराच वापरतात. ‘एक नंबर गेम’, ‘लय भारी’, ‘बकवास, कोणी घेऊ नका’, आणि गेम फुकटचा असला तरी ‘पैसा वसूल’. शेजारी तारे असतात, एक किंवा पाच. दोन, तीन आणि चार हे आकडे जणू शोभेपुरते ठेवलेत.

नंदिगड्ड्यात बसून ही मतं वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो असा की, हा लिहिणारा नेमका कुठे बसून खेळला? आमचा जोयडा तालुका म्हणजे काळी नदीच्या खोऱ्यातलं दाट जंगल, मध्ये सुपा धरणाचं पाणी, भोवती व्याघ्र प्रकल्प आणि डोंगरांच्या कुशीत विखुरलेली घरं. इथली रेंज चढ चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी आहे, टेकाडावर येते, पण घराकडे उतरताना मागेच राहते. पावसाळ्यात वीज गेली की तीही नाही. अशा जागी ‘एकदम स्मूथ चालतो’ या वाक्याचा मला काय उपयोग? ते पुण्यात, फायबरच्या वायफायवर, नव्या कोऱ्या फोनवर लिहिलेलं असू शकतं. लिहिणारा खोटं बोलत नाही. फक्त स्वतःचा पत्ता द्यायला विसरला आहे.

ताऱ्यांच्या सरासरीत तर हा पत्ता पुरताच बुजतो. नोव्हेंबर २०२१ पासून गुगल फोनवर आपल्याच देशातल्या लोकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी दाखवू लागलं, आणि पुढच्या वर्षी फोन, टॅब अशी उपकरणांनुसार वेगळी सरासरीही आली. सुधारणा चांगली, पण देश म्हणजे केवढा! वांद्र्याचा मुलगा आणि आमच्या गुंद-नंदिगड्ड्याकडचा मुलगा एकाच ढिगात.

ऑनलाइन गेमचं तर सगळं या पत्त्यावरच अवलंबून असतं. पिंग म्हणजे तुमच्या बोटाची हालचाल सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत मोजतात आणि बऱ्याच गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत असतो. पन्नासच्या आत असला तर काही जाणवत नाही. दोनशेच्या वर गेला की तुम्ही भिंतीआड पोचलेले असता, पण सर्व्हरच्या लेखी अजून उघड्यावरच उभे असता, आणि तिथेच गोळी लागून मरता. मुलं याला लॅग म्हणतात. तो गेमचा दोष की रेंजचा, हे ज्याला सांगता आलं त्याच्या परीक्षणाला किंमत आहे. ‘संध्याकाळी टेकाडावर पिंग सत्तर, घरी तीनशे’ एवढं कोणी लिहिलं तर आमच्यासाठी ते दहा ताऱ्यांच्या बरोबरीचं.

माझा भाचा दांडेलीला शिकतो. सुट्टीत इकडे आला की फोन घेऊन टेकाडावर जातो. त्याने एकदा बीजीएमआयवर, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियावर, पानभर लिहून आणलं. मी नाटकांवर लिहितो, तेव्हा गेमही मला कळत असणार असा त्याचा समज. लिखाणात ग्राफिक्स होते, बंदुकांची नावं होती आणि सुरुवातीलाच मिळवलेल्या विजयांची यादी होती.

मी विचारलं, “इतका लवकर जिंकायला लागलास?”

“मामा, पहिल्या पहिल्या मॅचमध्ये बॉटच जास्त असतात ना. माणसं नंतर येतात.”

“मग हे लिहिलं का नाहीस?”

“ते सगळ्यांना माहीत असतं.”

सगळ्यांना माहीत असतं, हीच तर खोच आहे. ज्यांना माहीत असतं ते परीक्षण वाचत नाहीत. नव्या खेळाडूला सुरुवातीला यंत्राने चालवलेली बाहुली समोर देऊन जिंकवायचं, त्याला चटक लावायची आणि मग खऱ्या माणसांत सोडायचं, ही या गेमांची ठरलेली रीत. पुष्कळ गेम तारे मागतात तेही नेमके जिंकल्यावर, डोक्यात गुलाल उधळलेला असताना. त्या क्षणी दिलेले पाच तारे गेमला नसतात, स्वतःला असतात. म्हणून हरायला लागेपर्यंत खेळावं आणि मगच लिहावं. संगणकावरच्या गेमांचं मोठं दुकान असलेल्या स्टीमने यासाठी एक नामी सोय केली आहे. तिथे प्रत्येक मताशेजारी, तो माणूस किती तास खेळला ते दिसतं. गेम त्याला फुकट मिळाला असेल तर तेही नोंदवता येतं. आपल्याकडच्या पुस्तक-परीक्षणांना ही सोय लावली तर काय होईल, हा विचार मी लगेच बाजूला सारतो.

परीक्षण हा काही मोबाइलबरोबर आलेला धंदा नाही. १८४२ साली आमच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातली भागवत नाटकमंडळी सांगलीला खेळ करायला गेली होती. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी तो पाहिला. प्रकार आवडला, पण त्यातलं ओबडधोबडपण खटकलं. असं काही अधिक नेटकं मराठीत उभं करावं, असं त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं आणि १८४३ च्या ५ नोव्हेंबरला ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आलं. पटवर्धनांनी तारे मोजत बसण्यापेक्षा काय घ्यावं आणि काय सुधारावं ते सांगितलं, एवढंच मला इथे नोंदवायचं आहे. उत्तर कन्नडच्या माणसाने ही गोष्ट जरा तोऱ्यात सांगितली तर वाचकांनी सोसून घ्यावी.

दुसरं उदाहरण नाट्यसमीक्षक माधव मनोहरांचं. एखादं मराठी नाटक कोणत्या परदेशी नाटकावरून उचललं आहे, हे ते नेमकं दाखवून देत. त्यामुळे पुष्कळ नाटककार त्यांच्यावर रुष्ट असत. गेमच्या परीक्षणाला असा माणूस हवा आहे. ‘पबजीची कॉपी’ ही शिवी सगळेच देतात. पण पबजी तरी कुठून आला? एका बेटावर सगळ्यांना सोडायचं आणि शेवटचा उरेल तो जिंकला, ही कल्पना ‘बॅटल रोयाल’ या २००० सालच्या जपानी चित्रपटातून पबजीचा कर्ता ब्रेंडन ग्रीन याला सुचली. म्हणजे उचललं आहे हे सांगणं निम्मं काम. उचलून पुढे काय केलं, हे सांगणं उरलेलं निम्मं. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. तोही त्याच जातीचा. पण त्यात कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेऊनही सामना जिंकता येतो. हा फरक खेळाला रंगत आणतो की नुसता नावापुरता आहे, यावर चार ओळी लिहिणारा मला हवा आहे.

याउलट काय होतं ते ‘फौजी’ या गेमच्या वेळी दिसलं. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. दोनच दिवसांत फौजीची घोषणा झाली आणि २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी बंगळूरच्या एनकोर गेम्सने तो आणला. त्यात गलवानच्या खोऱ्यातली लढत होती, तीही सुरुवातीला बंदुकीविना, हातघाईची. आणि लगेच मतांचं तुंबळ युद्ध सुरू झालं. एकीकडे देशप्रेमाचे पाच तारे, दुसरीकडे पबजी हिरावल्याच्या रागाचा एक तारा. सरासरी भराभर घसरली. गेम खरोखरच अपुरा होता, असं माझं मत आहे. पण तो कुठे कमी पडला, हे त्या गदारोळातून शोधून काढणं म्हणजे मोठं कष्टाचं काम होतं. दोन्ही बाजूंची मतं गेम न उघडतासुद्धा लिहिता आली असती.

तरी झुंडीने दिलेला एक तारा नेहमीच अन्याय असतो असं मी म्हणणार नाही. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या संगणकावरच्या खेळाडूंना सोनीने, आमच्या प्लेस्टेशनचं खातं उघडा, अशी सक्ती केली. कित्येक देशांत तसं खातं उघडताच येत नव्हतं. स्टीमवर दोन लाखांहून अधिक नकारात्मक मतं पडली आणि काही दिवसांत सोनीने सक्ती मागे घेतली. मला आवडलं ते पुढचं. राग संपल्यावर पुष्कळांनी परत येऊन आपलं मत बदललं. आपल्याकडे लोक शिवी देऊन निघून जातात आणि ती वर्षानुवर्षं तिथेच राहते, गेम चार वेळा बदलला तरी.

आता लुडो. जोयड्यात काय आणि जर्सी सिटीत काय, मराठी घरात ‘लुडो किंग’ पोचला नाही असं घर शोधावं लागेल. गेम नवी मुंबईच्या कंपनीचा, २०१६ सालचा. टाळेबंदीत त्याचं अमाप पीक आलं. त्यावर कायमची तक्रार एकच: “फासा फिक्स आहे. समोरच्यालाच सहा पडतात.” आमच्या घरातही ही तक्रार रोज होते, आणि करणारा दर वेळी हरणाराच असतो. ही तक्रार मला परीक्षणात वाचायला आवडेल, पण हिशेबासकट. वहीच्या मागच्या पानावर फासे लिहून ठेवावेत. सरळ फासा साठ वेळा टाकला तर सरासरीने दहा वेळा सहा पडावेत. सात पडले किंवा तेरा पडले तर त्यात नवल नाही, नशीब तेवढं हलतंच. सहाशे वेळांत शंभराच्या जागी दीडशे पडले तर मात्र खुशाल फिक्स म्हणा, मीही सही करीन. तोपर्यंत ते परीक्षण नाही, पराभवाचं सुतक आहे.

आणि पैसा. फुकट गेमची किंमत उतरवून घेताना कळत नाही. बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हा अठराच्या आतल्या मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि ७,००० रुपयांपर्यंत खरेदी अशी मर्यादा होती. दिवसाला सात हजार! आमच्याकडे या आकड्याला मर्यादा म्हणत नाहीत. पेटीत काय निघेल ते न सांगता पेटी विकायची, आत निघायचा तो बहुधा नुसता पोशाख. ज्याने यूसी, म्हणजे बीजीएमआयमधलं चलन, विकत घेतले त्याने किती घेतले आणि हाती काय लागलं ते लिहिलं, तर एखाद्या आईबापाचं नुकसान टळेल. पैसे लावून खेळायच्या गेमांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदाच करून बंदी आणली, तेव्हा तिथे परीक्षणाचा प्रश्न मिटला. मात्र पेट्यांचा बाजार चालूच आहे.

भाच्याने पुढे नवं लिहिलं, आणि ते आधीच्या पानभर मजकुराच्या चौथाईत बसलं. पहिल्या ओळीत गावाचं नाव, फोन किती जुना, रॅम किती, कुठल्या कंपनीची रेंज आणि ती टेकाडावरची की घरातली. मग गेमची कुठली आवृत्ती, कुठला महिना. किती वेळाने फोन तापतो. बॉट संपून माणसं केव्हा लागतात. आणि शेवटी त्याला स्वतःला काय आवडलं: मित्र चार गावांत पांगले असताना एकाच नकाशावर एकमेकांच्या हाका ऐकू येतात. ही शेवटची गोष्ट त्याने आधीच्या मजकुरात लिहिलीच नव्हती, ग्राफिक्सपुढे तिला जागा उरली नव्हती. तारे त्याने तीन दिले. मी वादात पडलो नाही.

तुम्ही जोयडा, खानापूर, चंदगड, सत्तरी, कुठलेही असा, पुढच्या वेळी गेमखालचा तो चौकोन उघडलात तर मराठीतून लिहा, आणि आधी तुमचं गाव, तुमचा फोन आणि तुमची रेंज लिहा. ५०० अक्षरांत हे सगळं बसतं, आम्ही मोजून पाहिलं आहे.