आलात कुठून?

आमच्या घरात गाव सोडायला कारण लागते. दवाखाना, कोर्ट, लग्न, नाहीतर मयत. यांतले काहीएक नसताना नागपूरला जावे आणि तेही हॉटेलात उतरावे, ही कल्पना आमच्या सौभाग्यवतींची. लग्नाला एकवीस वर्षे झाली. परगावी गेलो की नातलगांच्या ओसरीवरची सतरंजी ठरलेली. "एकदा तरी अशा खोलीत राहू, जिथं चहा मला करावा लागणार नाही," ती म्हणाली. एका कादंबरीचे पैसे नुकतेच हाती आले होते. रक्कम वाचकांना सांगण्याजोगी नाही. पण सीताबर्डीवरच्या जुन्या हॉटेलात दोन रात्री निघतील एवढी होती.

आणखी एक कारण होते. ते दोघांनीही बोलून दाखवले नाही. सूरजागडच्या डोंगरातली लोखंडाची खाण 2021 साली पुन्हा जोरात सुरू झाली, तेव्हापासून आमच्या दारावरून रात्रभर ट्रक जात. तुळशीची पाने पुसली की फडके लाल होई. पुढे पुढे तर ट्रकांची रांग मध्येच तुटली की मी दचकून जागा होऊ लागलो.

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत निघालो. एटापल्ली, आलापल्ली, चंद्रपूर, नागपूर. सबंध दिवस एस.टी.त गेला. हॉटेलच्या गल्ल्यावरच्या वृद्ध मॅनेजरांनी जाडजूड वही उघडली.

"गुरुजी, आलात कुठून?"

"सूरजागड."

त्यांनी 'गडचिरोली' लिहिले. "जिल्हा पुरे. काम काय काढलंत?"

"काही नाही."

त्यांनी चष्म्यावरून आम्हा दोघांना न्याहाळले आणि रकान्यात 'खाजगी' असे लिहून टाकले.

हॉटेल एके काळी दिमाखाचे असावे. 1956 पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. तेव्हा इथे कोण कोण उतरत असेल! आता जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्या होत्या. आरशाचा पारा उडालेला. त्यात माझा डावा कान तेवढा स्पष्ट दिसे. गरम पाणी सकाळी सात ते आठ, तेही बादलीने. हौसेने आलेले आम्ही दोघेच. शेजारी मेडिकलला दाखवायला आणलेला एक म्हातारा होता. पलीकडे कुठल्याशा परीक्षेला आलेली तीन मुले जिन्यात बसून रात्री अभ्यास करीत. चहा मात्र वर आला. तिने तो खिडकीशी उभे राहून, मेट्रोच्या गाड्या पाहत, सावकाश प्यायला. कपबशी विसळायला मोरीकडे निघाली, तेव्हा मीच थांबवले.

रात्री ती पाठीवर पडून छताकडे पाहत होती. "त्या तुळईवर काही लिहिलं आहे जी."

स्टुलावर चढून पाहिले. चुन्याच्या कैक थरांखाली इंग्रजी अक्षरे उठून दिसत होती: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही, पण भूगोल शिकवतो. हल्ली तर खिशातल्या मोबाईलमध्येच विश्वकोश असतो. मिडल्सब्रोजवळ एस्टन नावाची टेकडी आहे. 1850 साली तिच्यात लोहखनिजाचा मोठा थर सापडला आणि त्यावर ते गाव शहर झाले. त्या मुलखातली शेवटची लोखंडाची खाण 1964 साली बंद पडली. एवढे मी वाचून दाखवले.

"आणि त्या टेकडीवर देव होता का?"

आमच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत माडिया लोक यात्रेला चढतात. मी मोबाईल मिटला. तिनेही पुन्हा विचारले नाही. खाली रस्त्यावर उशिरापर्यंत वाहने चालू होती, आणि कितीतरी महिन्यांनी आम्हा दोघांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी अजबबंगला पाहिला. 1863 सालचे हे संग्रहालय. जमशेटजी टाटांनी नागपुरात 1877 साली एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे 1882 साली चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि पोलादाचा ध्यास लागला. पण चांद्यातला शोध पुढे फसला. तसे सांगायला त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपुरास चीफ कमिशनरकडे आले, तर साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले; तिथल्या भूगर्भाच्या नकाशात त्यांना दुर्ग जिल्हा गडद रंगवलेला दिसला. शोध तिकडे वळला, आणि शेवटी कारखाना निघाला तो साकचीला, आजच्या जमशेदपुरात.

मी हे अगदी वर्गात सांगावे तसे रंगवून सांगितले. सूरजागड तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते; गडचिरोली वेगळा झाला तो 1982 मध्ये.

"म्हणजे आपला डोंगर तेव्हा वाचला," ती म्हणाली. थोडे चालल्यावर म्हणाली, "शंभर-सव्वाशे वर्षं मिळाली म्हणायची."

तिसऱ्या दिवशी सकाळी बिल चुकते केले. मी पिशव्या उचलल्या, तरी ही गल्ल्यापाशीच उभी.

"भाऊ, त्या वहीत आमचं गाव लिहा न."

"आता काय फरक पडतो, वहिनी? खोली तर सोडली."

"तरी लिहा."

त्यांनी पाने उलटून आमची ओळ काढली आणि 'गडचिरोली'च्या वर बारीक अक्षरांत 'सुरजगड' लिहिले. तिने वही आपल्याकडे फिरवून घेतली.

"सू दीर्घ," ती म्हणाली, "आणि जला काना."

त्यांनी ते खोडले आणि पुन्हा लिहायला घेतले.